सिरोंच्यापर्यंत पुरेल इतकं तेल

माझ्या आईला गाडी लागते. एसटी लागते, काळीपिवळी लागते, आणि माझ्या भाच्याची नवी एसी गाडी तर दारात उभी असतानाच लागते. तिचं दार उघडून आतला गोडसर वास बाहेर आला, की आई पदर नाकाला लावून मागे फिरते. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी चघळून झाली, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, कोणी सांगितलं म्हणून पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधून झाली. आमच्या वडशाहून निघालं की आरमोरीच्या पुढे कशाचाच उपयोग झाला नाही. साऱ्या जगात तिला न लागणारी चारचाकी एकच, आमची जुनी पांढरी गाडी. गोल पाठीची, पलंगाएवढ्या सीटची, काचा हाताने फिरवून खाली करायची.

ती गाडी घरात आली तेही ऐकण्यासारखं आहे. वडील सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी हीच गाडी चालवली आणि मागच्या डाव्या सीटवरून एकामागून एक साहेब वाहून नेले. खात्याने ती लिलावात काढली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी नको नको म्हटलं, तरी त्यांनीच ती घेतली. घरी आणल्यावर आई कौतुकाने पुढे बसायला गेली, तर त्यांनी तिला थांबवलं आणि मागचं डावं दार उघडून धरलं. तेव्हापासून आई साहेबाच्या जागेवर बसते. पुढची सीट रिकामी असली तरी पुढे येत नाही, आणि चालवणाऱ्याला मागून हुकूम सोडत राहते. मी याच गाडीवर शिकले. बाजूला वडील, मागे आई, आणि दोघांच्या एकाच वेळी दोन वेगळ्या सूचना. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा बाईंचा स्वभाव तापट आहे असं शाळेत सगळे म्हणायचे. तो कुठे तापला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

वडील गेल्यावर गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मी वडशाच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मला स्कूटी पुरत होती. गाडी विकायचा विषय कोणी काढला की आई उठून स्वयंपाकघरात जायची. मग तो विषय निघेनासा झाला.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, सिरोंच्याला, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला राहते. मावसाजी तिकडे शिक्षक होते. बदलीवर गेले आणि गोदावरीच्या काठी तिथलेच होऊन गेले. आता मावसाजी नाहीत, मुलगा नोकरीसाठी तेलंगणात असतो, शेजारची एक बाई मावशीचं दोन वेळचं बघते. मावशीचे गुडघे गेले, म्हणून तिला इकडे येता येत नाही. आईला गाडी लागते, म्हणून तिला तिकडे जाता येत नाही. कितीतरी वर्षं दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या. मग मावशीचे कानही कमी झाले. आई इकडून ओरडायची आणि मावशी तिकडून भलतंच उत्तर द्यायची. आईने विचारावं की गुडघ्याला शेक देतेस का, आणि मावशीने सांगावं की औंदा मिरची चांगली आहे. ऐकताना हसू यायचं. एके दिवशी मात्र आईने फोन खाली ठेवला आणि तो पदराने पुसत बसली.

"कोण बोलून राह्यली म्हणून इचारलं तिनं," शेवटी ती म्हणाली. "माहा आवाज नाई वळखू आला तिले."

"आई, कान गेले ना तिचे."

"कान गेले. हात तं नाई गेले? मले एकदा तिच्या बाजूले नेऊन बसव. हातानं वळखन ते मले."

आईने स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा मीच आणायची आणि तीच मला ओरडायची की कशाला आणली. त्यामुळे हे मागणं मला चांगलंच लागलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते, हाताशी वेळ होता. आईला सिरोंच्याला न्यायचं, आणि न्यायचं तर त्याच गाडीने, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

राइस मिलच्या रस्त्यावर गॅरेज असलेले एक मेकॅनिक भाऊ आमच्या ओळखीचे होते. साठीच्या पुढचे, बोलण्यात कोणाला हार न जाणारे. पोळा झाल्यावर ते शेडमध्ये आले, गाडीला एक फेरी मारली आणि मागे वाकून मोठ्याने हसले. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा ठासून भरलेला होता. त्यांनी तो ओढून काढला आणि मला दाखवला.

"हे कोणं केलं बाई?"

"मी केलं," मागून आई म्हणाली. "उंदीर जाते ना अंदर."

याच्यात आम्हाला कोणालाच नवल वाटलं नाही. आमच्या झाडीपट्टीत पाऊस यायच्या आधी घरोघरी बाया हेच काम करतात. भिंतीच्या बुडाशी, मोरीजवळ, चौकटीच्या फटीत जिथे जिथे भोक दिसेल तिथे चिंधी कोंबायची आणि वरून चिखलाने लिंपून टाकायचं. उंदीर आला की त्याच्या मागे साप येतो, एवढं साधं गणित आहे. वडील गेल्यावर दरवर्षी घराचं झालं की आई शेडमध्ये जाऊन सायलेन्सरही बुजवत होती. आम्ही हसलो, भाऊंनी बोळा शेडच्या कोपऱ्यात भिरकावला आणि कामाला लागले. नवी बॅटरी, नवं पेट्रोल, नवं ऑईल, आणि तिसऱ्या प्रयत्नाला गाडी खोकत खोकत सुरू झाली. आईने लगेच पातळ सारखं केलं आणि मागे जाऊन बसली.

हा आनंद दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला. सकाळी मी शेडमध्ये गेले तर गाडीखाली काळं तळं.

भाऊ म्हणाले, वरच्या झाकणाचं पॅकिंग सुकलं असेल. उभ्या गाडीचं सुकतेच. त्यांनी ते बदललं. वरून गळायचं थांबलं आणि मागून गळायला लागलं. मग त्यांनी सांगितलं की मागचं सील गेलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला, गाडी गणपतीभर गॅरेजमध्ये आ वासून पडून होती. मागचं थांबलं, तेव्हा पुढून सुरू झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यात आणखी एक नवा खेळ. तेल किती आहे ते मोजायची जी पट्टी असते, डिपस्टिक, ती गाडी चालवली की आपोआप वर सरकून यायची आणि तिच्या भोकातून तेलाचे शिंतोडे बॉनेटला आतून लागायचे. भाऊंनी त्यावर उपाय काढला. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि ती डिपस्टिक करकचून बांधून टाकली.

"भाऊ, ते वर काऊन येऊन राह्यली ते तं पाहा," मी म्हटलं.

"जुनं इंजन आहे बाई. म्हातारपणी माणसाचंही एक धरलं की दुसरं सुटते."

मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यांनीही मला सुनावलं की तेवढी घाई असेल तर दुसरी गाडी घ्या. आई मध्ये पडली, दोघांना चहा दिला आणि वाद मिटला. आम्ही रोज भांडत होतो आणि रोज एकमेकांशिवाय आमचं चालतही नव्हतं. तोपर्यंत मला तेलाचा नाद लागला होता. सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी मी गाडीखाली पुठ्ठा सरकवून बघायची. डाग कुठे पडला, किती मोठा, काल होता त्याच्या पुढे की मागे. शेजारणी विचारायच्या की बाई, गाडीले कसं आहे आता. घरात कोणी दवाखान्यात असावं तशी चौकशी चालायची.

दिवाळी झाली. वडशात नाटकांच्या कंपन्यांची कार्यालयं गजबजली, भिंतींवर नव्या नाटकांचे फलक लागले, धानाची कापणी आटोपत आली. भाऊ म्हणाले की आता एक लांबची चक्कर मारून पाहा. मी आईला मागे बसवलं, तेलाचा डबा डिक्कीत टाकला आणि गडचिरोलीचा रस्ता धरला. तिथवर नीट पोचलो की पुढचं ठरवू, असा हिशेब होता.

आरमोरी गेली. आई खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेत होती आणि मला सांगत होती की या बैलगाडीवाल्याले हॉर्न नको वाजवू, बैलं भेतात. मी खूश होते. ठाणेगाव मागे पडलं आणि मला वास आला. जळक्या तेलाचा. तेल उडून सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत होतं आणि त्याचा धूर पायाखालच्या फटींतून आत भरत होता. मी काचा पूर्ण खाली केल्या, तरी धूर थांबेना. मागे आई गप्प झाली होती. आई गप्प झाली म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी गाडी बाजूला घेतली तोवर तिने दार उघडलं होतं.

रस्त्याच्या कडेला बसून ती ओकली. मी तिची पाठ धरली होती. त्या गाडीत तिला आजवर कधीही असं झालं नव्हतं. तोंड धुतल्यावर ती शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसली आणि गाडीकडे बघत राहिली. गाडीच्या पोटातून थेंब थेंब तेल धुळीत पडत होतं आणि समोरची तेलाची लाल लाइट लुकलुकत होती.

"चाल घरी," आई म्हणाली. "नाई होत. हेही गाडी मले लागाले लागली."

डबाभर तेल इंजिनात ओतत, थांबत थांबत आम्ही वडशाला परत आलो. वाटेत मी गिअर आपटत होते. आईवर राग नव्हता. राग त्या इंजिनावर होता, भाऊंवर होता, आणि सिरोंचा एवढं लांब वसवणाऱ्यांवर होता. घरी आल्यावर आईने मावशीला फोन लावला नाही. त्या आठवड्यात तिने फोनला हातच लावला नाही. मी गाडीवर चादर टाकली आणि शेडकडे जायचं बंद केलं.

धान निघालं की शेतातले उंदीर गावात शिरतात. त्यांना खायला काही उरत नाही. म्हणून या दिवसांत आई पुन्हा एकदा घराला फेरी मारते. एका दुपारी ती घरात दिसली नाही म्हणून मी मागे गेले, तर ती शेडमध्ये. चादर वर केलेली, हातात फाटक्या लुगड्याच्या चिंध्या, शेजारी टोपल्यात कालवलेली माती, आणि ती गाडीच्या मागे वाकलेली.

"काय करून राह्यली आई?"

"सायलेन्सरचा बोळा लावून राह्यली. मेकॅनिकनं काढून फेकला होता ना." तिने काडीने चिंधी आत दाबली. "हाच एक लावाचा आहे. बाकीचे आहेत जागच्या जागी."

"बाकीचे?"

"बाकीचे म्हणजे बाकीचे. एकच भोक आहे का गाडीले?"

मी तिथेच उकिडवी बसले. आईने मला एकेक दाखवायला सुरुवात केली, स्वयंपाकघरातले डबे दाखवावेत तितक्या सहज. एक डिक्कीच्या तळाला. एक पायाजवळच्या पत्र्यात. "आन् एक खाली, इंजनाच्या बाजूनं ते नळी लोंबते ना, तिच्यात. तो तं मी पहिलाच बुजवला. ते नळी सरळ वर इंजनात जाते. उंदीर चढला असता तं कुठी निघला असता?"

ती नळी कशासाठी असते हे मला ठाऊक होतं. इंजिन चाललं की त्याच्या पोटात वाफ आणि धूर साठतो, आणि तो बाहेर जायला तीच एक वाट असते. ती बंद केली तर दाब वाढतो, आणि दाब वाढला की तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. आज इथून, उद्या तिथून. डिपस्टिकसुद्धा त्या दाबानेच वर ढकलली जात होती. बंद भांड्यातला दाब हा धडा मी आठवीला इतकी वर्षं शिकवला की त्यातले प्रश्न मला अजून पाठ आहेत. आणि इथे पोळ्यापासून मी त्या भांड्याखाली पुठ्ठे सरकवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक बोळा निघाला तेव्हा दुसरा असेल का, हे विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नाही, भाऊंच्याही नाही. घरातली भोकं बुजवणाऱ्या बाईला ती किती बुजवली हे कोण विचारतं?

मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. नळीचं तोंड मातीने लिंपलेलं होतं. वरून पाहणाऱ्याला रस्त्याचा चिखल वाळलाय असंच वाटावं. माती खरवडली, चिमट्याने धरून ओढलं, तर निघतच राहिली ती चिंधी. हातभर. टोकाला तेलाने काळी झालेली आणि वरच्या बाजूला अजून निळी, आईच्या जुन्या लुगड्याची. मी तशीच काळ्या हातांनी बाहेर आले आणि चिंधी तिच्यासमोर धरली.

आई हुशार आहे. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मीच?" ती म्हणाली.

मला ओरडायचं होतं. पण तिचा चेहरा बघून मी चिंधी खाली ठेवली.

"तुह्या बापाची गाडी होती," आई म्हणाली. "उंदरानं कुरतडली असती तं मी काय तोंड दाखवलं असतं त्याले?"

आणि ती रडायला लागली. मग मला हसू आलं, काय करू. मी हसायला लागले म्हणून ती चिडली, आणि चिडली म्हणून रडायची थांबली. मी तिला काळ्या हातांनीच जवळ घेतलं, तिचं पातळ खराब झालं, आणि त्यासाठी तिने मला वेगळं झापलं. संध्याकाळी भाऊंना बोलावून चिंधी दाखवली तेव्हा ते आधी वरमले.

"मले चिखल वाटला बाई," ते म्हणाले. आणि मग लगेच, "पण तुमच्या आईनं बुजवलं मात्र पक्कं. माह्या हातानंही इतकं पक्कं पॅकिंग बसत नाई."

वाट मोकळी झाल्याबरोबर बाकीचं गळणं जवळपास थांबलं. राहिला तो पुढच्या झाकणाचा प्रश्न. तिथलं कागदी पॅकिंग दाबाने फाटून गेलं होतं, आणि नागपूरहून मागवलेलं भलत्याच इंजिनाचं निघालं. भाऊ ट्यूबमधला डिंक लावू म्हणाले. आई नाही म्हणाली. वडील घरीच पॅकिंग करायचे आणि कागद धरून बसायचं काम तिचं असायचं. तिने कपाटातून एक जाडजूड लग्नपत्रिका काढली. झाकण उलटं ठेवून त्यावर पत्रिका धरली आणि भाऊ हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत गेले, तसतसा कागद बरोबर त्या आकारात कापला गेला. मग आईने कढईत जवसाचं तेल चांगलं कढवलं, ते पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना चोळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. जवसाचं तेल वाळलं की चामड्यासारखं चिवट होतं. आमच्याकडे धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे शेतात, जवस होतोच, त्यामुळे तेलाला तोटा नव्हता. भाऊ म्हणाले, "मले नाई वाटत हे टिकन." आई म्हणाली, "तुमी लावून तं पाहा." वाळायला थंडीचे बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत आई रोज गच्चीवर जाऊन ते पॅकिंग पापडासारखं उलटत होती, आणि एका दुपारी तिने स्वतःहून मावशीला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही.

आम्ही निघालो ती सकाळ धुक्याची होती. चामोर्शीला चहा घेतला तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. कोरडं. आष्टीच्या फाट्यावर आईने गाडी हळू करायला लावली आणि वैनगंगेच्या दिशेने हात जोडले. तिथेही कोरडं. आलापल्लीला थांबलो तेव्हा पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब पडले. मी डिपस्टिक पुसून पाहिली, तेल होतं तिथेच होतं.

"जुनी गाडी आहे," आई मागून म्हणाली. "थोडंसं तं गळनच."

पुढे सागाचं जंगल सुरू झालं. रस्ता जागोजागी उखडलेला, गाडी डावीकडून उजवीकडे होडीसारखी डुलत होती. दुसरं कोणी असतं तर त्याला लागली असती. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि झाडं बघत होती. एकदाही गप्प झाली नाही. मावशीच्या लग्नाची वरात बैलबंडीने कशी गेली, पुरी भाजी कशी कमी पडली, मावशी सासरी निघताना दोघींनी एकमेकींच्या बांगड्या कशा बदलून घातल्या, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. मी समोर रस्ता बघत होते आणि कान मागे लावले होते.

सिरोंच्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका, आणि त्याच्यापलीकडे खाटेवर मावशी. शेजारची बाई तेलुगूत काहीतरी ओरडत पुढे आली. मी उतरून मागचं डावं दार उघडून धरलं. आई उतरली, मिरचीच्या कडेने हळूहळू गेली आणि खाटेवर मावशीला अगदी खेटून बसली. काही बोलली नाही. मावशीने तिच्याकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, पुन्हा हिच्याकडे पाहिलं. मग मावशीने हात वर केला, आईच्या गालावर ठेवला, तिथून कानावर, कानामागे, आणि तिथे तिचा अंगठा थांबला. लहानपणी तिथे काही लागल्याची खूण आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"रा, रा," मावशी म्हणाली, ये ये असं तेलुगूत. आणि मग मराठीत, "इतका टाइम काऊन लावला वं?"

आईने तिच्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी सांगितलं. फोनवर ओरडून जे पोचत नव्हतं ते कानात कुजबुजलं तर पोचत होतं. मावशी इतकी हसली की खाट हलायला लागली. बहुतेक बोळ्याचीच गोष्ट असावी.

त्या संध्याकाळी दोघींनी एका सुरात बुद्धवंदना म्हटली. दोन दिवस त्या एकमेकींना सोडून हलल्या नाहीत. आई मावशीचं डोकं विंचरायची, तिला नहाणीत नेऊन आंघोळ घालायची, आणि मावशी खाटेवरून तिच्यावर हुकूम सोडायची. माझी आई, जी मला रस्ताभर हुकूम सोडते, ती निमूटपणे सगळं ऐकत होती.

ठरल्याप्रमाणे निघायच्या सकाळी मी गाडीतलं तेल पाहिलं, काचा पुसल्या आणि मागचं दार उघडून ठेवलं. आई घरामागून आली ती ओल्या हातांनी, पदर खोचलेला.

"तू निघ," ती म्हणाली. "मी राह्यते इथी."

माझा पारा चढला. मिरची राखायला बसलेल्या बाया बघत होत्या, तरी मी थांबले नाही. "म्हणजे मी पोळ्यापासून त्या गाडीखाली लोळली, भाऊंशी रोज भांडली, ते तुले इथी सोडाले? आधी सांगतलं असतं तं! किती दिवस राहणार? औषधं संपली तं? करमलं नाई तं?"

आईने माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"नाई करमलं तं तुले फोन करीन," ती म्हणाली. "तू गाडी घेऊन येशील. आता येते ना गाडी इथपर्यंत?"

मी हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं.

"वापस जाची सोय आहे म्हणून तं राहून राह्यली वं. नाई तं कोणाची हिंमत होते?"

मला रडू येत होतं, तिच्याशिवायचं घर डोळ्यांसमोर येत होतं, आणि तरीही कुठेतरी आत मला फार बरं वाटत होतं, इतकं की त्याचाही राग येत होता. मी मागचं दार लावून घेतलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. आई काचेजवळ येऊन मला रस्त्याच्या सूचना देणार, म्हणून मी काच खाली करून वाट पाहत थांबले.

तेवढ्यात आतून मावशीने हाक मारली, आईच्या लहानपणच्या नावाने, जे मी त्या दोन दिवसांतच पहिल्यांदा ऐकलं होतं. आई वळली आणि "आली, आली" म्हणत, पदर सावरत, अंगणातून चक्क पळत गेली. मी तिला पळताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.